ड्यूटीचा तक्ता कोण लावते?



या वेळी एका जुन्या निवेदनाबद्दल लिहायचे आहे. ते आमच्याच गटाने दिले होते आणि त्याचा मसुदा मीच केला होता.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, शहापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर आम्ही सतरा-अठरा जणी गेलो होतो. एका कातकरी वाडीवरची पहिलटकरीण तिथे बाळंत झाली होती. कळा सोसवेनात म्हणून ती ओरडली, तेव्हा रात्रीच्या सिस्टरने तिला ऐकवू नये ते ऐकवले आणि मांडीवर चापट मारली. तिच्या सासूने हे सगळे बैठकीत सांगितले. सांगताना तिला राग आला नव्हता, दवाखान्यात असेच असते अशा सुरात ती बोलत होती. राग आम्हाला आला. आम्ही निवेदन लिहिले, घोषणा दिल्या, डॉक्टरांच्या टेबलावर कागद ठेवला आणि पोच घेतली. पंधरवड्यात त्या सिस्टरची बदली झाली, तीही चांगली लांब. आमच्या वार्षिक अहवालात ही घटना 'यश' या सदराखाली छापलेली आहे.

पुढे दोनेक वर्षांनी कल्याण-मुरबाड एसटीत ती सिस्टर माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. तिने मला ओळखले. मी तिला ओळखले नाही, हे कबूल करायला हवे, कारण त्या दिवशी मी तिच्याकडे नीट पाहिलेच नव्हते. म्हारळ मागे पडेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "मी हात उचलला ते चुकलंच ताई. त्याचं मी काही समर्थन करत नाही. पण ती माझी लागोपाठ तिसरी नाइट होती. दिवसा लसीकरणाचं सत्र करून मी परत रात्री उभी होते. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर रजा मागितली, म्हणून इन्चार्जबाईंनी माझं नाव असं लावलं होतं. तुम्ही एवढ्या जणी आलात, पण तक्ता कुणी बघितला नाहीत."

तो तक्ता डॉक्टरांच्या खुर्चीमागच्या भिंतीवरच होता. आमच्या निवेदनाच्या फोटोतसुद्धा तो दिसतो. मी घरी जाऊन फोटो काढून पाहिला.

त्या बाईला चापट बसली ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही. बाळंतपणाच्या खोलीत बाईचा अपमान होतो आणि आदिवासी, दलित, मुसलमान बाईचा जास्त होतो, हे आपण वर्षानुवर्षे मांडत आलो आहोत आणि पुढेही मांडू. पण आपले बोट नेहमी शेवटच्या माणसाकडे जाते. तिच्या वर कोण आहे, ती कशी वागते, तिला कसे वागवले जाते, हे आपण विचारत नाही. परिचारिकांवर देखरेख करणाऱ्या बायकांचे नेतृत्व हा आरोग्य खात्याचा कारभारी प्रश्न आहे, स्त्री-चळवळीचा नाही, असे आपण मनोमन ठरवून टाकले आहे. मला आता तसे वाटत नाही.

आधी ही उतरंड पाहू. रुग्णालयात अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, आणि सगळ्यांवर अधिसेविका, जिला आपण मेट्रन म्हणतो. गावपातळीवर उपकेंद्रात आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम, आणि तिच्यावर देखरेखीला आरोग्य सहायिका, म्हणजे एलएचव्ही. हे आजचे रूप मुख्यतः १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींमधून आले. डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि साधारण सहा उपकेंद्रांमागे एक आरोग्य सहायिका, असा कागदावरचा हिशेब आहे. डोळखांबच्या बाजूला किंवा माळशेजच्या पायथ्याला मोरोशीकडे तीन हजार लोक म्हणजे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या किती वाड्या होतात, ते तिथे पायी फिरलेल्या बाईलाच विचारावे. २००५ नंतर 'आशा' आल्या आणि त्यांच्यावर गटप्रवर्तक आल्या. अलीकडच्या वर्षांत उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. आता वीस वर्षे त्याच वाड्या तुडवलेली एएनएम आणि नुकती शिकून आलेली पंचविशीची अधिकारी एकाच खोलीत बसतात आणि किल्ली कुणाकडे राहायची इथपासून कुरबुर सुरू होते. ती मिटवणे हे आरोग्य सहायिकेचे काम. ते कसे मिटवायचे हे तिला कुणी शिकवलेले नसते.

उतरंडीतले वरचे बोलणे खाली कसे झिरपते, हे कुटुंबनियोजनाच्या 'टार्गेट'ने आपल्याला एकदा दाखवले आहे. ज्या थोरल्या मैत्रिणींनी त्याविरुद्ध आवाज उठवला त्यांना ते आठवत असेल. मार्च जवळ आला की जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने डॉक्टरला, डॉक्टरने आरोग्य सहायिकेला आणि तिने एएनएमला धारेवर धरायचे. एएनएम मग वाडीवरच्या तिसऱ्या बाळंतपणातून उठलेल्या बाईच्या दारात जाऊन बसायची. एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने ही उद्दिष्टे कागदावरून काढून टाकली. बोलण्याची पद्धत मात्र तशीच राहिली, फक्त विषय बदलला. आता दवाखान्यातली बाळंतपणे किती, लसीकरण किती टक्के, ऑनलाइन नोंदी किती बाकी. मासिक सभेत एकेकीला उभे करून आकडे विचारतात. एका पंचेचाळिशीच्या आरोग्यसेविकेने मला सांगितले, "सभेच्या आदल्या रात्री मला शाळेतल्या परीक्षेसारखं पोटात दुखतं." तिची मुलगी त्या वर्षी बारावीला होती.

त्याच सभेत वेगळेही घडू शकते, हे मी मुरबाड तालुक्यात पाहिले. दिवाळी झाली की आपल्याकडची कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुले त्यांच्याबरोबर जातात आणि लशीचे पुढचे डोस राहतात. रजिस्टरात रिकामी घरे दिसतात आणि दोष एएनएमला लागतो. ज्या आरोग्य सहायिकेबद्दल मी सांगते आहे, त्या बाई सभेच्या आठवडाभर आधी प्रत्येक उपकेंद्रात स्वतः जाऊन बसायच्या. रजिस्टर उघडून एकेक नाव विचारायच्या. कुठले कुटुंब कुठल्या भट्टीवर गेले, मुकादम कोण, हे आशाताईकडून लिहून घ्यायच्या. सभेत आकड्यांवरून प्रश्न आला की एएनएमच्या आधी त्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "ही पोरं हिच्या गावात नाहीत साहेब, ही यादी. भट्टीजवळच्या केंद्राला कळवलंय." एवढेच. त्यासाठी त्यांना वेगळा अधिकार लागला नाही की जास्तीचे पैसे लागले नाहीत. पण त्यांच्या हाताखालच्या सहाजणींपैकी एकीच्याही पोटात सभेच्या आदल्या रात्री दुखत नसे, असे त्या सहाजणींनीच मला सांगितले.

रात्रपाळ्यांचा तक्ताही त्या पंचवीस तारखेच्या सुमारास लावायच्या. पेन्सिलीने. कुणाच्या घरी लग्न, कुणाची सासू आजारी, कुणाची पाळी त्रासाची, हे धरून आपापसात बदल करायला दोन दिवस द्यायच्या आणि मग शाईने पक्का करायच्या. पेन्सिलीचे हे दोन दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. पुढच्या महिन्यात आपण कुठल्या रात्री घराबाहेर असणार हे बाईला आधी कळले, तर ती मुलांचे, म्हाताऱ्यांचे, दळणाचे, पाण्याचे काहीतरी लावून ठेवू शकते. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्याच आसपासच्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन फिरतात. उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहणारी सिस्टरही त्याच रांगेत असते. तक्ता आदल्या दिवशी लावणाऱ्या इन्चार्जला हे दिसत नाही, असे नाही. पुष्कळदा तिला ते दाखवून द्यायचे असते की तक्ता माझ्या हातात आहे.

हे फक्त माझ्या डोळ्यांपुरते नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमारास नर्सेस नोकऱ्या सोडून जात होत्या, तेव्हा तिथल्या परिचारिकांच्या अकादमीने उलटा प्रश्न विचारला: कोणत्या रुग्णालयांतून त्या जात नाहीत? १९८३ मध्ये अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे टिकून राहण्याची जी कारणे सापडली, त्यांत वरिष्ठ परिचारिका भेटतात, ऐकून घेतात आणि निर्णयात हाताखालच्यांना बोलू देतात, हे ठळक होते. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा हिशेब मांडला. एका नर्सवर एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि ती नर्स कामाने पार करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या करपून जाण्याची नोंद घेतली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम म्हणून. याचा आपल्यासाठी अर्थ असा की 'सिस्टरचा स्वभावच खडूस' हे वाक्य आपण जरा जपून वापरावे.

आता दुसरी बाजू. परिचारिकांच्या संघटनेतल्या एका मैत्रिणीला मी हा विषय सांगितला, तेव्हा ती चिडली. म्हणाली, "जागा भरा म्हटलं की हे लोक आमच्यासाठी ताणमुक्तीचं शिबिर लावतात. आता तूही सांग, मेट्रननं गोड बोलावं म्हणून." तिचे म्हणणे खरे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक. रात्री आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही वॉर्डात जाऊन मोजा. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या परिचारिकांनी काम बंद केले, ते खासगी कंत्राटदारामार्फत होणाऱ्या भरतीला विरोध म्हणून. एकाच टेबलावर कायम आणि कंत्राटी अशा दोघी बसतात, तेच इंजेक्शन देतात, त्याच रात्री जागतात आणि पगार घेताना दोघींना एकमेकींकडे पाहवत नाही. अशा खोलीत कितीही चांगली इन्चार्ज आणून बसवली, तरी ती एका मर्यादेपुढे काय करणार? नेतृत्वाची भाषा रिकाम्या जागा झाकायला वापरली जात असेल, तर ती भाषा आपण वापरू नये.

पण पाच जागांपैकी तीनच भरलेल्या असताना उरलेल्या तिघींना एकमेकींच्या अंगावर सोडायचे की एकमेकींच्या पाठीशी उभे करायचे, हे कुणीतरी रोज ठरवत असते. तिच्याकडे आपले लक्ष हवे, आणि ते नुसते बोट दाखवण्यापुरते नको. कारण इन्चार्जबाईच्या जागी बसून पाहिले तर काय दिसते? ती ज्येष्ठतेने तिथे आलेली असते. पंचवीस वर्षे ऐकून घेतले आणि आता ऐकवायची पाळी आली, एवढेच प्रशिक्षण तिला मिळालेले असते. रजा मंजूर करण्याचा शेवटचा अधिकार तिचा नाही, औषधे मागवण्याचा नाही, बदली थांबवण्याचा नाही. फिरतीला गाडी नाही. आसनगाव किंवा कसाऱ्याला लोकलमधून उतरून पुढे मिळेल त्या जीपने जायचे, आणि प्रवासभत्त्याचे बिल मागे पडलेले. माता मृत्यू झाला की चौकशीत पहिली 'कारणे दाखवा' एएनएमला आणि दुसरी हिला. या सगळ्यात तिच्या हातात खरोखर उरते ते एकच, तक्ता. घरात सासूच्या हातात फक्त स्वयंपाकघराच्या किल्ल्या उरतात आणि मग ती त्या सुनेवर चालवते, हे आपण किती शिबिरांत बोललो आहोत! इथे तीच गोष्ट सरकारी शिक्क्यानिशी चालू आहे. पुरुषप्रधान व्यवस्थेने बाईवर राज्य करायला पुन्हा बाईच नेमली आहे.

जातीचा मुद्दाही इथेच येतो. माझ्या पाहण्यात, सगळ्यात लांबचे उपकेंद्र आणि सणाच्या दिवसांतली रात्रपाळी कुणाच्या वाट्याला येते, याचे उत्तर आडनावांत सापडते. आदिवासी आणि बौद्ध सिस्टर हे आपसात बोलतात, तक्रार लिहून देत नाहीत. "लिहून दिलं तर पुढचा तक्ता कोण लावणार आहे?" असे त्या उलट विचारतात.

आणि सुरक्षितता. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तळघरात हल्ला झाला, त्या वेळी ती ड्यूटी संपवून कपडे बदलत होती. बायकांना कपडे बदलायला सुरक्षित जागा नसणे ही व्यवस्थापनाची बाब आहे. पुढे १८ मे २०१५ पर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी तिला सांभाळले. तिला दुसरीकडे हलवायचे प्रयत्न झाले तेव्हा त्या विरोधात उभ्या राहिल्या. एकमेकींना सांभाळण्याची ताकद या बायकांत किती आहे, याचा दाखला आणखी कुठे शोधायचा? भंवरीदेवीच्या प्रकरणातून १९९७ चा विशाखा निकाल आला, २०१३ चा कायदा आला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर देशभर चर्चा झाली, पण ती मोठ्या इस्पितळांच्या कॅमेऱ्यांची आणि पहारेकऱ्यांची. टोकावड्याच्या पुढे रात्री अडीचला दार वाजते तेव्हा उपकेंद्रात सिस्टर एकटी असते. बाहेर खरीच अडलेली बाई आहे की दारू प्यालेला कुणी, हे तिला दार उघडल्यावर कळते. आधी फोन कुणाला करायचा? वरिष्ठबाई उचलतील आणि "एकटीने दार उघडू नकोस, मी सरपंचांना उठवते" म्हणतील असा भरवसा असेल, तर ती बाई त्या गावात राहते. नाहीतर ती बदलापूर-कल्याणहून ये-जा करू लागते आणि मुख्यालयी राहत नाही म्हणून आपणच तिच्याविरुद्ध निवेदन देतो.

२०२४ च्या सुरुवातीला आशाताई आणि गटप्रवर्तक संपावर होत्या, तेव्हा शहापूरहून ठाण्यापर्यंत त्या पायी चालत गेल्या. ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांच्याच बरोबरीने गटप्रवर्तक चालत होत्या. त्यांच्यातल्या एकीने नंतर सांगितले की त्या चालण्यानंतर तिचे पर्यवेक्षणच बदलले. आता ती आशाताईचे रजिस्टर तपासायला जाते, तेव्हा आधी तिच्या पायांची चौकशी करते.

थोडे आपल्याबद्दलही. आपल्या संस्थांत, प्रकल्पांत, आपण समन्वयक म्हणून बसतो आणि वस्तीत फिरणारी कार्यकर्ती मानधनावर असते. अहवालाची तारीख जवळ आली की माझा आवाज कसा होतो, हे माझ्या सहकारी मला आता तोंडावर सांगू लागल्या आहेत. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मला 'पर्यवेक्षण' नावाचा भाग होता. परीक्षेत चांगले गुणही पडले होते.

त्या एसटीतल्या भेटीनंतर आमच्या गटाने एक पद्धत धरली आहे. बाळंतपणातल्या वागणुकीची तक्रार आली की आम्ही आधी तक्रार करणाऱ्या बाईचे म्हणणे पूर्ण लिहून घेतो, तिच्या शब्दांत. मग केंद्रावर जाऊन त्या आठवड्याचा तक्ता मागतो: किती जागा मंजूर, किती भरलेल्या, ही सिस्टर किती तास उभी होती, बदली माणूस का दिले नाही. निवेदन सिस्टरच्या नावे न लिहिता, तक्ता ज्यांच्या सहीने लागतो त्यांच्या आणि त्यांच्या वरच्यांच्या नावे लिहितो. चापट मारली असेल तर तेही लिहितो, ते गाळत नाही. पहिल्या दोन वेळा तक्ता मिळाला नाही. तिसऱ्या वेळी इन्चार्जबाईंनी स्वतः त्याची झेरॉक्स आणून दिली आणि हळूच म्हणाल्या, "मंजूर जागांचा आकडा जरा मोठ्या अक्षरात लिहा."

ज्या कातकरी बाईची ती तक्रार होती, तिचा मुलगा आता अंगणवाडीत जातो. तिला मी सिस्टरने सांगितलेले सारे सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ती दमलेली ते मला काय ठाऊक? मला लागलं ते लागलं." तिचेही म्हणणे या संपादकीयात आहे तसे छापायचे, असे आम्ही ठरवले.

पुढच्या महिन्यात मुरबाडला दोन्ही तालुक्यांतल्या आरोग्य सहायिका, इन्चार्ज सिस्टर आणि गटप्रवर्तक यांच्याबरोबर एक दिवस बसायचे ठरले आहे. भाषणे नाहीत, प्रत्येकीने आपल्याकडचा एका महिन्याचा तक्ता घेऊन यायचे आहे. आधी ठरवलेला दिवस लसीकरणात गेला म्हणून आता रविवार धरला आहे. अकराजणींनी येते म्हटले आहे. तिघींनी कळवले की यायची इच्छा आहे, पण त्या दिवशी त्यांच्या जागी उभे राहायला कुणी नाही. तुमच्या तालुक्यात असे काही कुणी केले असेल, तर बैठकीच्या आत जरूर कळवा.